खांबेटे, जे. पी. नगर

नाही रे, तुमच्या छपाईत काही चूक नाही. उमाकांत खांबेटे, प्रतिमा खांबेटे — आपल्या मराठी मंडळाच्या पत्तापुस्तिकेत बारा वर्षं आमच्या घराची ही दोनच नावं येतात. पण तू मारतहळ्ळीहून एवढ्या ट्रॅफिकमधून प्रूफ दाखवायला आलास, तर दुरुस्ती घेऊनच जा. लाल पेन आहे ना? दे इकडे. हे बघ, उमाकांत खोडलं. — असा बघू नकोस, जिवंत आहेत. आतल्या खोलीत शनिवारच्या वर्गाची टिपणं काढतायत. हळू कशाला बोलू? ऐकू देत की.

तू नवीन, तुला ठाऊक नसेल — विमानाच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ह्याच हॉलमध्ये वर्ग घेतात, जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांचा. वीसेक माणसं येतात, चहा माझा. ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. एक म्हणाला सगळं पाण्यातून आलं, एक म्हणाला सगळं वाहतंय, काही टिकत नाही — तो ह्यांना आवडत नाही. ह्यांचा लाडका तो इलिया गावचा. त्याचं म्हणणं काय, तर जे आहे ते आहे, आणि जे नाही त्याचा विचारसुद्धा करता येत नाही, बोलणं तर लांबच. तो बिचारा विश्वाबद्दल बोलला असेल. ह्यांनी ते घरात वापरलं.

मुलगी आहे आम्हाला. शाल्मली. तिनं आनेकलच्या बसवंतशी लग्न केलं — लेथवर काम करतो तो. हे ओरडले नाहीत, आदळआपट नाही. त्या वर्षीचं प्रूफ आलं, तिचं नाव खोडलं, आणि म्हणाले, आता ह्या विषयावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. फोटो उतरवले, तिची खुर्ची गच्चीवर टाकली. पुढच्याच शनिवारी त्या इलियावाल्यावर दोन तास बोलले, लोक माना डोलावत होते. मी कपबश्या गोळा करत राहिले.

एकदा आली होती ती, दोन वर्षांनी. कडेवर बाळ. वर्ग चालू होता, बेल वाजली. ह्यांनी मानही वर केली नाही. म्हणाले, "दारात कुणी नाही, प्रतिमा." स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होती ना ती — बाळाला ऊन लागू नये म्हणून ओढणी धरून उभी. आणि मी काय केलं? चहा गाळला. सगळ्यांना नेऊन दिला. — हे तुला का सांगतेय मी?

असो. सोमवारी मंडळातली संध्या भेटली, आनेकलच्या बसस्टँडवर तिला शाल्मली दिसली म्हणाली. नात दहा वर्षांची झालीय, वेदिका नाव, चालते अगदी माझ्यासारखी. झालं. त्या दिवसापासून मी ह्यांचं पान वाढलेलं नाही. हाक मारतात, मी ओ देत नाही. भाजीवाली ह्यांना सार म्हणते, विचारते, अक्का, सार कुठं दिसत नाहीत? मी म्हणते, कोण सार? कोपऱ्यावरून इडली आणतात नि एकटे बसून खातात, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, शाल्मलीचं नाव काही तोंडातून निघत नाही. ह्या शनिवारी लोक आले की दारात मी उभी राहणार. सांगणार, वर्ग घेणारे कुणी इथं राहत नाही. त्यांचा जीव आहे त्या वर्गात, म्हणूनच. आतून ऐकू देत ना ह्यांना सगळं, वीस माणसं परत जाताना. सूड म्हण हवं तर, मला लाज नाही त्याची. — खुर्ची सरकली का आत? सरकू दे.

आता लिही. माझ्या नावाखाली शाल्मली. बसवंत. वेदिका. नीट लिही, वेलांटी पहिली. पत्ता आनेकल. — काय? पुढच्या रकान्यात मोबाईल नंबर लागतो?

तिचा नंबर —

नाहीये माझ्याकडे. नाही, ह्यांनी नाही लपवला. सोमवारी संध्या देत होती. मीच नको म्हटलं.

नीघ तू आता. गेट ओढून घे.