तिसरी मंजुरी

धायरीतल्या हाडांच्या दवाखान्यात शेफाली नंबर यायची वाट पाहत बसली होती. शेजारी उजवा हात प्लास्टरमध्ये अडकवलेले एक चेअरमन, आणि त्यांना भेटायला आलेल्या त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई.

"परवाच्या वादळाचा इशारा आला किती वाजता, विजयमालाबाई?"

"दोनला."

"आणि आपल्या ग्रुपवर टाकलात कधी?"

"टाकलाच नाही. तिघांची लेखी मंजुरी आल्याशिवाय हवामानाचा मेसेज टाकायचा नाही, असा ठराव आहे. तुम्हीच मांडलेला."

"अहो, तो अफवांसाठी होता."

"तसं त्यात लिहिलेलं नाही. मी दिली, खजिनदारांनी दिली. तुमची आली नाही."

"मी गच्चीवर पत्रा बांधत होतो. तोच हातावर पडला. फोन खाली होता."

"त्यावर माझे सात मिस्ड कॉल आहेत."

"मग वर येऊन सांगायचं."

"काय सांगायचं? मंजुरी कुठे होती?"

चेअरमननी खिडकीबाहेर पाहिलं.

"आज काही इशारा?"

"आहे ना. चारनंतर वादळी वारे. खजिनदारांचा होकार आलाय."

"मग टाका. माझाही होकार."

"तोंडी चालत नाही."

"बाई, हात प्लास्टरमध्ये आहे."

"डावा मोकळा आहे. फोन काढा."

"घरी आहे. चार्जिंगला."

शेफाली उठली आणि खडखडायला लागलेली खिडकी लावून आली.