कोरी वात

(सोलापूर, १९७४. रविवारची सकाळ. नीलाच्या भाड्याच्या खोलीवर अव्वा, तिची आई, अक्कलकोटच्या गाडीनं न कळवता आली आहे. पिठाचा डबा उघडून बघते आहे. नीला मुद्दाम कोपऱ्यातल्या स्टोच्या पुढं उभी आहे. अव्वाची नजर तिकडं जाऊ नये एवढंच तिला वाटतंय.)

अव्वा : आन् एवढं पीठ गेलं कुटं? गेल्या खेपेला डबा गच्च भरून दिलता की.

नीला : खाल्लं. पीठ आणखी कुठं जाणार?

अव्वा : एकलीनं?

नीला : भूक लागते अव्वा. कॉलेजला चालत जाते, चालत येते.

अव्वा : चालत? बशीचे पैसे अप्पा येगळे देतात की तुला.

नीला : ते... दुसरीकडं लागतात.

अव्वा : दुसरीकडं म्हंजे कुटं? तुजं पत्र अप्पांनी मोठ्यांदा वाचलं. ‘साठ रुपयांत छान भागतं.’ छान! ज्वारीचा भाव इचारायची सोय न्हाय, समद्या गावात कुणाचं भागंना, आन् हिचं तेवढं छान भागतंय. अप्पा म्हनले, जा, न सांगता जा आन् बघून ये. हिला कुणीतरी देतंय.

नीला : कोण देणार मला?

अव्वा : त्येच इचारायला आले. दारातली सायकल कुणाची?

नीला : घरमालकाची. नरसम्माच्या नवऱ्याची. मागावर कामाला जातात ते.

अव्वा : हात दाव.

नीला : कशाला गं?

अव्वा : दाव म्हनते न्हवं. ...तमाकूचा वास येतोय तुज्या बोटांना.

नीला : नाही गं, काहीतरीच.

अव्वा : आयुष्यभर तुज्या आज्ज्याची चंची भरली मी. मला सांगतीस? कोन हाय तो?

नीला : कुणीही नाही. शप्पथ.

अव्वा : मग बाजूला सर. मगापास्नं त्या स्टोला पाठीशी घालून उभी हायस. काय ठेवलंय तितं?

नीला : काही नाही. स्टो आहे नुसता.

अव्वा : व्हय, स्टोच हाय. पन वात पांढरी कशी?

नीला : परवाच बदलली.

अव्वा : समद्याच्या समद्या?

नीला : हो.

अव्वा : आन् भिंत बी बदललीस व्हय? बोटाला काजळी लागंना. रॉकेलचा वास न्हाय. हा स्टो दुकानातनं आनल्यापास्नं पेटलाच न्हाय. भाकरी कुटं खातीस तू?

नीला : इथंच. ही बघ, रात्रीची आहे.

अव्वा : ही तू थापलीस? पापडागत?

नीला : शिकले आता.

अव्वा : तुज्या भाकरीचा येक काठ जाड ऱ्हातो. शिकवून शिकवून माजे हात दुखले. बरं, शिकलीस तर थाप की. मी बसते हितं. पेटव.

नीला : रॉकेल नाही.

अव्वा : त्येचे पैसे?

नरसम्मा : नीला पापा! अगं पोरी, भाकऱ्या झाल्या, ये की लवकर. मला मटण चढवायचंय. ...अगं बाई! पाहुणे?

नीला : माझी अव्वा आहे.

नरसम्मा : या की अक्का, बसा. आणखी दोन टाकते. तवा तिचा वेगळा आहे हां, आमचा नाही लावत. रविवारी आधी तिच्या भाकऱ्या, मग आमचं. पोरगी गुणाची आहे, पान इतकं सरळ कापते, माझ्या विड्या एकसारख्या होतात. येते मी, तवा तापलाय.

अव्वा : ...गेली?

नीला : गेली.

अव्वा : लिंगायताची पोर तू, गळ्यात लिंग हाय तुज्या. आन् मटनाच्या चुलीवरचं खातीस.

नीला : पीठ आपलं आहे अव्वा. तवाही आपला. सरपण आणि हात तेवढे तिचे. त्याबद्दल संध्याकाळी विड्यांची पानं कापते. तमाकूशेजारी बसते म्हणून बोटांना वास.

अव्वा : स्टोला काय झालं?

नीला : खोलीचं भाडं वाढलं. रॉकेलच्या रांगेत उभी राहिले की कॉलेज बुडतं, बाहेर दुप्पट भाव. मग रॉकेलचे आणि बसचे पैसे भाड्यात घातले.

अव्वा : अप्पांस्नी लिहायचं की, भागत न्हाय म्हनून.

नीला : माझी ट्रंक बशीवर चढवताना काय म्हणाले अप्पा? तू होतीस.

अव्वा : ...‘साठात भागलं तर शीक. न्हाय भागलं तर माघारी ये, मंगळवेढ्याचं स्थळ थांबलंय.’

नीला : मग? एक रुपया जास्त मागितला तरी ट्रंक परत बशीवर.

अव्वा : तरी बी. कळलं तर घरात घेनार न्हाईत तुला.

नीला : तू सांगणार आहेस?

अव्वा : मी कशाला सांगू? पुढल्या आठवड्यात त्ये सोताच यायलेत, बैलाचा साज घ्यायला. माज्यावर तरी कुटं इस्वास हाय. कोपरान् कोपरा बघतील.

नीला : मग संपलंच.

अव्वा : जा, भाकऱ्या घिऊन ये. मी न्हाय खानार, माजी शिदोरी हाय. तू गरम हाय तवर खा. आन् येताना तिच्याकडनं वाटीभर रॉकेल माग.

नीला : रॉकेल? भाकऱ्या तर झाल्यात, अव्वा.

अव्वा : भाकरीला न्हाय गं. दार लाव, स्टो पेटव आन् वात चांगली मोठी ठेव. त्या भिंतीला काजळी धरली पायजे.