आईच्या बोटातली मोत्याची अंगठी

साखळीचा तुटलेला फासा बसवून घ्यायला आलेल्या मास्तरीणबाई सोनाराच्या बाकावर बसल्या होत्या. पुढे दोन बहिणी काचेवर आपापला हात पसरून उभ्या, आणि मधोमध त्यांच्या गेलेल्या आईची मोत्याची अंगठी. बाईंनी पेपर उघडला खरा, पण कान तिकडेच.

“माझ्या मापाची करा. थोरली मी आहे.”

“थोरली! आई अंथरुणाला खिळली तेव्हा कुठे होतीस, ताई? फोनवर!”

“आणि तू सेवा केलीस ती या अंगठीवर डोळा ठेवून.”

“मग? तुझा डोळा कपाटावर होता. अंगठीकडे कुणी बघायचं?”

“आधी वापरायची कशी ते ऐका,” सोनार म्हणाला. “खरा मोती फार नाजूक. साबण लागत राहिला की चमक गेलीच समजा. भांडी घासताना काढून ठेवायची.”

“काहीतरीच! आईने जन्मात कधी बोटातून काढली नाही. हिच्यासकट भांडी घासली, धुणी धुतली.”

“आणि बघा ना, अजून कालच घेतल्यासारखी चमकतेय!”

“तेच म्हणतोय मी.”

दोघींनी आधी अंगठीकडे पाहिलं, मग एकमेकींकडे.

“ताई, तूच घे गं. थोरलीचा मान असतो.”

“छे, छे! सेवा तू केलीस. मी कुठल्या तोंडाने घेऊ?”

“तुझ्या बोटाला शोभेल.”

“तुझं बोट तर अगदी आईचंच.”

“बरं, मग माप कुणाचं घेऊ?” सोनाराने विचारलं.

मास्तरीणबाईंनी पेपराआडून पाहिलं. काचेवर आता एकही हात नव्हता.