वडाच्या बेचक्यातलं वावर

नांदूरघाटच्या थांब्यावर पेरू विकणाऱ्या शाईस्ताचे कान शेजारच्या बहीण-भावाकडं लागले होते. भाऊ बहिणीला बापाच्या शेताच्या हक्कसोडीवर सही करायला केजला नेत होता.

"सारजे, सही कर, साडीचोळी घे. माहेर शाबूत ऱ्हाईल."

"अन् माझ्या वाट्याचं वावर?"

"बांधावरला वड हाय की! बेचक्यात पाला कुजून माती झालीय म्हनतीस ना? तिथं पेर!"

"शेळ्यांसाठी पाला तोडाया चढते, रोज बघते. हातभर माती हाय, दादा. गांडुळं हायत, उंबर उगवलाय. लई कसदार!"

"मग झालं तर!"

"झालं. ती तुला घे. खालची मला दे. टावेल-टोपी मी करते तुला."

केजची गाडी आली. दादा एकटाच चढला. सारजाबाई पेरू निवडत बसली.