दिलीपचा सूर आणि थ्री फेज

तुमी नव्या कीबोर्डचं कौतुक सांगताय, पण आमच्या अवसरीच्या दिलीपनं त्या काळात घरीच सिंथेसायझर बनवला व्हता, राव! आधी ग्राफ पेपरवर सर्किटची आखणी. बोर्ड एवढासा, अन् फिरवायची बटणं त्याला लई हवीत. जागा पुरंना, तर गड्यानं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भागच खोडला.

मी म्हणलं, "अरं, तो लागंल ना?"

"त्यातनं आवाज निघतो का? मग जागा कशाला अडवायची?"

पहिला कार्यक्रम भजनी मंडळात. पेटीपेक्षा भारी सूर देतो, असा बुवांना शब्द दिलेला. सूर लागलाही झकास. बुवा डोळे मिटून गायला लागले, अन् तेवढ्यात शेतीची थ्री फेज लाईट आली. तिचा कधीच नेम नसायचा, म्हणून बऱ्याच जणांनी पंपाला ऑटो स्टार्टर बसवलेले. मळ्यातल्या मोटारी एकदम चालू, गावाचं व्होल्टेज खाली, अन् त्याच्यामागं दिलीपचा सूरही खाली. बुवा बिचारे सूर धरून उतरत गेले, ते पार खोकला येईपर्यंत.

पुढं बसलेल्या तात्यांनी टाळ खाली ठेवला. "थ्री फेज आली वाटतं. आमची मोटार हातानंच चालू करावी लागती," म्हणत ते उठले, अन् निम्मं मंडळ त्यांच्यामागं.

दुसऱ्या दिवशी दिलीप तो राहिलेला भाग जोडायला बसला, तर तात्या दारात हजर.

"भाऊ, त्याला हात लावू नको. फक्त आवाज वाढव. मळ्यात ऐकू येत नाय."