आलेले फोन

डोळ्यांच्या दवाखान्यातला थंडगार बाक. मांडीवर लॅपटॉप. आत आईचं ऑपरेशन, बाहेर दोघी बहिणी. बाकावर शेजारी बसलेल्या शिंप्याच्या एका डोळ्यावर पट्टी, पण कान मोकळे.

"ताई, कॉम्प्युटर क्लासचा गृहपाठ बघ. एका तक्त्यात घरची माणसं, दुसऱ्यात आईला आलेले फोन. दोन्ही जोडून रिपोर्ट केला, तर दोन्हींत असलेलीच नावं आली, दादा गायब!"

"फोन करेल तर दिसेल ना!"

"दुसऱ्या पद्धतीनं जोडलं की नाव राहतं, पुढे नुसती कोरी जागा."

"मग तसंच जोड, बाई. घरातून कशाला काढतेस त्याला?"

"आजचं ऑपरेशन त्याला कळवलंस?"

"मी? का म्हणून? त्यानं आधी बोलावं."

"मग घरातून कोण काढतंय, ताई?"

शिंपी थोडा जवळ सरकला.

"...दे, नंबर दे त्याचा."

तक्त्यात फक्त आलेले फोन होते; आई रोज दुपारी स्वतःच दादाला फोन करायची.