आमच्या घरी, मॅडम
बाईंनी वर्गाबाहेर काढलं, यात काय विशेष? मला तर सख्ख्या आईनेच काढलंय. ब्याऐंशी साली दोहाच्या शाळेत ती आम्हाला इंग्रजी शिकवायची. अमेरिकेतल्या वर्णभेदावरची कादंबरी वाचताना ती हळहळून थांबली. पुस्तक मिटून तिने विचारलं, "असा भेद तुम्ही कुठे पाहिलाय?"

"आमच्या घरी, मॅडम," मी उभी राहून म्हणाले. "बाबांचे ड्रायव्हर दादारावकाका आमच्यासारखेच मराठी, पण त्यांच्या चहाचा कप सिंकखाली वेगळा ठेवतात."

"गेट आउट!"

तास संपल्यावर ती बाहेर आली. "घरातलं चारचौघांत सांगायला लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच सांगितलं."

 तिसऱ्या दिवशी ती भर वर्गात म्हणाली, "हिचं उत्तर बरोबर होतं. बाहेर मी जायला हवं होतं."